पांढरी चार

मुंबईत बाईच्या आवाजाची एक उंची ठरून गेली आहे. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन, दादर’ असं सांगणारा आवाज त्या उंचीवरचा. बँकेच्या फोनवर एक दाबा, दोन दाबा म्हणणाराही तिथलाच. गणपतीत मंडळाच्या स्पीकरवरून, लग्नाच्या हॉलमधून, शेजारच्या टीव्हीवरून दिवसभर जी गाणी कानावर पडतात, त्यांतल्या बाईचा आवाज तिथे, नाहीतर त्याहूनही चढा. हिंदी सिनेमाचं गाणं याच शहरात तयार होतं, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत त्या गाण्याने बारीक, उंच, टोकदार आवाज म्हणजेच बाईचा गोड आवाज, असं सगळ्या देशाच्या कानांवर बिंबवलं. त्याआधी तसं नव्हतं. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या गायिकांच्या तबकड्या आता कुणालाही घरबसल्या ऐकता येतात. त्यांत भरदार आवाज आहेत, जाड आवाज आहेत, जरा खरखरीत म्हणावेत असेही आहेत, आणि लोक ते आवडीने ऐकत होते.

माझा आवाज त्या ठरलेल्या उंचीच्या खाली आहे. गाणाऱ्यांमध्ये बोलायचं तर माझी पट्टी पांढरी चार. ज्यांचा गाण्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. गाताना ‘सा’ पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा ते प्रत्येकाच्या गळ्यावर ठरतं. पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजतात, आकडा वाढला की सूर चढतो. पुरुष साधारण काळी एक, पांढरी दोन यांच्या आसपास गातात, बायका बहुतेक करून काळी चार किंवा काळी पाचमध्ये. पांढरी चार आणि काळी चार यांत पेटीवर पाहिलं तर तीन पट्ट्यांचंच अंतर. बोटाने ते कापायला काहीच लागत नाही. पण गाणं तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, गेलं की हेच अंतर गळ्याला जाणवतं. वरच्या गंधाराला, म्हणजे ‘ग’ला, माझा आवाज ताणला जातो, पंचमाला, म्हणजे ‘प’ला, तो आवाज राहतच नाही.

बोलतानाही तसंच. चाळीत आमच्या घरी फोन आला तेव्हा मी आठवी-नववीत असेन. मी ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडचा माणूस मला दादाच्या नावाने हाक मारायचा. पुढे नोकरीला लागले तेव्हा ‘हो सर’, ‘ओके सर’ सुरू झालं. आजही होतं.

शाळेत समूहगीताची निवड व्हायची. आंतरशालेय स्पर्धा असायची, शिक्षकांना ढाल हवी असायची. गाणं काळी पाचमध्ये बसवलेलं, कारण बहुतेक मुलींना ते सोयीचं. माझा सूर पक्का होता हे शिक्षकांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी मला काढलं नाही. मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, वरच्या ओळी आल्या की नुसते ओठ हलव. त्यांच्या दृष्टीने तो मधला मार्ग होता. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलीला स्टेजवर उभं करून तोंड हलवायला लावणं आणि आवाज आत ठेवायला सांगणं, ही गोष्ट मला आजही अतिशय चुकीची वाटते. कारण मूल तिथे एक जास्तीचं काहीतरी शिकतं. आपण दिसायला हरकत नाही, ऐकू यायला हरकत आहे, असं ते शिकतं. आणि हे गाण्यापुरतं राहत नाही.

त्याच वर्षांत आमच्या चाळीच्या गणपतीत एक मुलगी गायची. आमच्याच मजल्यावरची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा आवाज बारीक, स्वच्छ, आणि कान विलक्षण. रेडिओवरचं गाणं ती हुबेहूब उचलायची. मूळ गायिका जिथे श्वास घेते तिथे ही श्वास घ्यायची, जिथे सुराचं हलकं वळण, हरकत, आहे तिथे तीच हरकत, शब्दावरचा दाबही तसाच. गॅलरीत, जिन्यात, पटांगणात माणसं दाटीने बसलेली असायची. तिने पहिली ओळ उचलली की टाळ्या पडायच्या.

पहिल्या ओळीला टाळ्या. हे मी तेव्हा बघितलं, पण त्याचा अर्थ लागायला बरीच वर्षं गेली. पहिल्या ओळीत गाणं अजून झालेलंच नसतं. तिथे टाळी पडते ती ओळख पटल्याची. अरे, हे तेच! ऐकणाऱ्याच्या मनात जे आधीपासून आहे त्याच्याशी समोरचं जुळलं की त्याला आनंद होतो, आणि तो आनंद खरा असतो, त्यात काही खोटं नाही. फक्त तो आनंद समोर गाणाऱ्या मुलीचा नसतो. ज्या आवाजाची आठवण झाली त्या आवाजाचा असतो.

लोकप्रियतेबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते इथे आहे. गर्दी साम्याला टाळी देते. ऑफिसात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कॉलेजच्या कट्ट्यावर, सगळीकडे. कसं हसायचं, कुठल्या गोष्टीवर चिडायचं, सुट्टीत कुठे जायचं, मुलांना कुठल्या क्लासला घालायचं, याचे नमुने लोकांच्या मनात तयार असतात, आणि जो त्या नमुन्याच्या जास्तीत जास्त जवळ जातो तो सगळ्यांना आवडता वाटतो. गर्दी वाईट असते असं मी म्हणत नाही. गर्दीला नवीन गोष्ट ओळखायला वेळ लागतो, एवढंच. आणि जो माणूस स्वतःसारखा आहे, त्याच्याशी जुळवून बघायला लोकांकडे काहीच नसतं. त्याच्या पहिल्या ओळीला टाळी पडणं शक्यच नाही.

ती आमच्या मजल्यावरची मुलगी अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी गायची थांबली. मुलींचाही आवाज वयात येताना थोडा बदलतो, मुलग्यांइतका नाही, पण बदलतो. तिचा जरासा जाडावला. मला तो नवा आवाज जास्त आवडायचा. पण आता तो त्या दुसऱ्या आवाजासारखा लागेना, आणि चाळीतले लोक हळहळत म्हणू लागले, पूर्वीसारखं राहिलं नाही हो. तिच्या गळ्यात काही बिघडलं नव्हतं. तिचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा बाहेर येत होता आणि नेमक्या त्याच वेळी सगळे म्हणत होते की काहीतरी हरवलं. याची खंत मला आजही वाटते, कारण तेव्हा तिला एकाही माणसाने सांगितलं नाही की बाई, हा आवाज तुझा आहे, आता याच्यात गा.

संगीताच्या इतिहासात याच वळणावरून गेलेलं एक मोठं उदाहरण मुंबईतच घडलं आहे. शिवपुत्र कोमकली नावाचा बेळगावकडचा मुलगा, १९२४ चा जन्म, मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गायचा. लोक थक्क व्हायचे. एवढ्या लहान वयात त्याला कुमार गंधर्व ही उपाधी मिळाली आणि पुढे तेच नाव झालं. १९३६ मध्ये मुंबईत जीना हॉलमध्ये तो गायला तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता, आणि समोर बसलेल्या जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्यानंतर तो ऑपेरा हाउसजवळ प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या शाळेत शिकायला राहिला. मला या गोष्टीतला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. गावोगाव नाव झालेलं मूल. कार्यक्रम करत फिरवलं असतं तर आणखी काही वर्षं गर्दी जमलीच असती. त्याऐवजी तो एका गुरूसमोर बसला आणि सा कसा लावायचा तिथपासून शिकला. दुसऱ्याचं गाणं गळ्यातून उतरवायचं आणि आपलं काय उरतं ते बघायचं, हे काम टाळ्यांमध्ये होत नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. क्षयाने गाठलं, १९४८ मध्ये ते माळव्यातल्या देवासला गेले, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं म्हणून जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. लांब दमाच्या ताना घेणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी छोट्या छोट्या स्वरवाक्यांचं, मध्ये मोकळ्या जागा सोडणारं गाणं उभं केलं. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्याची लोकगीतं त्यात आली. अनेक जाणकारांना ते गाणं सुरुवातीला पटलं नाही, परंपरेला सोडून आहे असं ते म्हणत राहिले. ज्या मुलाला हुबेहूब गाण्यासाठी सगळ्यांनी उचलून धरलं होतं, तोच मोठेपणी कुणाहीसारखा गात नाही म्हणून वादात सापडला. माझ्या मनात ही दोन चित्रं नेहमी शेजारी शेजारी असतात.

आता माझ्या गाण्याच्या बाईंकडे येते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना आईने मला गिरगावात मुगभाटातल्या एका गाण्याच्या क्लासला घातलं. क्लास म्हणजे चाळीतली एक खोली, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीखाली भाजीवाल्यांची ओरड, मध्येच घंटागाडी. सतरंजी, भिंतीला टेकवून ठेवलेले दोन तंबोरे, एक पेटी, आणि बाई. बाई तेव्हा साठीच्या असतील. पहिल्या दिवशी मी गायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं.

“गाऊ नकोस. बोल.”

“काय बोलू, बाई?”

“काहीही. सकाळपासून काय काय केलंस ते सांग.”

मी सांगू लागले. दुधाची लाईन, लोकल, कॉलेजातलं प्रॅक्टिकल. त्या मान खाली घालून ऐकत होत्या आणि पेटीवर एकेक पट्टी हलकेच दाबत होत्या, माझ्या बोलण्याच्या खाली. जिथे माझं बोलणं स्वस्थपणे टेकत होतं तिथून थोड्या वर सरकत त्या पांढरी चारवर थांबल्या. “आता या सा वर आकार लाव.” मी ‘आ’ लावला. कुठेही ताण नव्हता. मला वाटलं मी अजून बोलतेच आहे.

त्यांनी भिंतीकडचा तंबोरा घेतला. तो जनानी तंबोरा होता, बायकांच्या पट्टीसाठी असतो तो लहान भोपळ्याचा, काळी चार-पाचला बोलणारा. त्यांनी खुंट्या सोडून तारा खाली आणल्या. पण तारा सैल पडल्या, घोडीवर नुसत्या फडफडायला लागल्या, जवारी, म्हणजे तारेची ती घुमणारी झणक, लागेचना. दोऱ्याचे तुकडे मागेपुढे करून पाहिले. मी शेजारी बसून बघत होते आणि मनातल्या मनात वाक्य तयार करत होते, राहू दे बाई, मी काळी चारमध्ये प्रयत्न करते. मी ते वाक्य बोललेही.

बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “तारा बारीक आहेत. जाड लावू.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी तंबोरेवाल्याकडून जरा जाड गेजच्या तारा आणवल्या. मधल्या जोडीच्या दोन पोलादी, पंचमाची एक, खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, पितळेची. जुन्या तारा काढताना त्या प्रत्येक तार बोटाला गुंडाळून त्याचं वेटोळं करून डबीत ठेवत होत्या. नव्या तारा ओवल्या, खुंट्या पिळल्या, आधी अंदाजाने, मग कान लावून. बारीक फरक तारांत ओवलेल्या मणक्यांनी मिळवला. मग जवारीचे दोरे. प्रत्येक तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, पुन्हा केसभर सरकवायचा. एका जागी तो दोरा आला की तारेचा आवाज एकदम उघडतो, त्यातून इतर स्वर झिरपू लागतात. चारही तारा तशा उघडल्या तेव्हा खोलीत पांढरी चारचा षड्ज भरून राहिला. खाली भाजीवाला ओरडत होता आणि तरी तो सूर स्वच्छ ऐकू येत होता. बाईंनी तंबोरा माझ्या मांडीवर दिला.

त्यांनी मला त्या दिवशी धीराचा एकही शब्द सांगितला नाही. तुझा आवाज सुंदर आहे असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी वाद्य माझ्या गळ्याला जुळवून घेतलं. मला जो काही आत्मविश्वास मिळाला आहे तो त्या दुपारी मिळाला असं मी खात्रीने सांगते.

म्हणून ‘लोकांचं ऐकू नकोस, स्वतःसारखी राहा’ हा सल्ला जेव्हा मी ऐकते, तेव्हा मला त्यातला अर्धाच भाग पटतो. लोकांकडे कान बंद करून स्वतःचा आवाज सापडत नाही. हे गळ्याच्या बाबतीत तर शब्दशः खरं आहे. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून, कानातून, जसा इतरांना येतो तसा. दुसरा आपल्याच कवटीच्या हाडांमधून आतल्या कानापर्यंत. हाडांमधून खालचे स्वर जास्त येतात, त्यामुळे आपला आवाज आपल्याला असतो त्यापेक्षा जाड, भरीव वाटतो. म्हणूनच रेकॉर्डिंगमध्ये स्वतःला ऐकलं की प्रत्येकाला तो आवाज परका वाटतो. कितीही मोठा गवई असो, स्वतःचा आवाज समोर बसलेल्याला कसा येतो ते त्याला गाता गाता कळत नाही. ते कळायला समोर कुणीतरी बसावं लागतं. लक्ष देऊन ऐकणारं, आपल्याकडून काही नको असलेलं कुणीतरी. पाचशे माणसांची गर्दी त्या कामाची नाही. एक पुरतो.

एक पुरतो यालाही आधार आहे. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा, त्यांतली पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. उत्तर उघड दिसतं. पण खोलीतली बाकीची माणसं प्रयोगकर्त्याची, ठरवून चुकीचं उत्तर देणारी. ज्याची परीक्षा आहे असा माणूस एकच, तो शेवटाकडे. अशा फेऱ्यांमध्ये जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या बहुमतासारखी आली. डोळ्यांना दिसत असूनही. लोक हा प्रयोग इथपर्यंतच सांगतात आणि माणूस किती दुबळा असतो म्हणून थांबतात. पण अॅशने पुढे आणखी एक गोष्ट करून पाहिली होती. त्या ठरवून आणलेल्या माणसांपैकी एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सगळे चुकीचेच. तर बहुमताच्या मागे जाणं एकदम खूप खाली आलं. बहुमत फोडावं लागलं नाही, बाजूने जास्त माणसं जमवावी लागली नाहीत. शेजारी एकजण आपल्याला दिसतं तेच बोलणारा असला की बहुतेक माणसं आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतात.

माझ्या बाई तो एकजण होत्या. चाळीतल्या त्या मुलीला तो मिळाला नाही. आम्हा दोघींच्या गुणांत फार फरक होता असं मला वाटत नाही, झालाच तर तिचा कान माझ्याहून तयार होता.

लोकप्रिय असणं आणि लोकांना हवंसं असणं यातला फरक मला गाण्यापेक्षा लोकलच्या डब्यात जास्त कळला. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या लेडीज फर्स्ट क्लासमध्ये आमचा ग्रुप होता. त्यात एक बाई ग्रुपची राणीच म्हणावी अशी. कोणी कुठे बसायचं, दसऱ्याला डबा कुणी सजवायचा, वाढदिवसाला केक की समोसे, सगळं तिच्या शब्दावर. ती आली नाही की डबा सुना वाटायचा, हेही खरं. आणि एक नालासोपाऱ्याच्या मावशी होत्या, बोरिवलीला गाडी बदलून आमच्या डब्यात येणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या, चौथ्या सीटवर अर्ध्या टेकून मेथी निवडणाऱ्या. ज्या दिवशी कुणाच्या घरी काही घडलेलं असे, नवऱ्याची नोकरी गेली, रिपोर्ट वाईट आला, त्या दिवशी जिच्या घरी घडलं ती मावशींच्या शेजारी जागा करून बसायची. मुलांच्या मैत्रीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना हे पूर्वीच दिसलं आहे. वर्गातल्या मुलांना ‘तुला कोण आवडतं’ असं विचारलं आणि ‘वर्गात पॉप्युलर कोण आहे’ असं विचारलं, तर दोन्ही याद्या सारख्या येत नाहीत. काही नावं दोन्हीकडे असतात, पण बरीच नसतात. आम्हा डब्यातल्या बायकांना कुणी हा प्रश्न विचारला असता तर आमच्याही दोन याद्या वेगळ्या आल्या असत्या.

डब्यात भजनं व्हायची. अंधेरी सुटली की कुणीतरी टाळ काढायची. पुरुषांच्या डब्यातल्या भजनी मंडळींसारखी आमच्याकडे पखवाज-ढोलकी नव्हती, बॅगेवर ठेका धरायचा. पट्टी जी सुरू करेल तिची. मी पहिली ओळ कधी उचलायची नाही, कारण माझ्या पट्टीत बाकीच्यांना खाली जावं लागे. एकदा नेहमीची गाणारी आली नव्हती, तर मावशी म्हणाल्या, “आज तू सुरू कर गं, तुझ्या आवाजात.” मी केलं. पहिल्या दोन ओळी कुणालाच लागत नव्हत्या, काहीजणी वरच्या सप्तकात जाऊन परत आल्या. मग वांद्र्यापर्यंत सगळ्याजणी त्या खालच्या पट्टीत बसल्या. ज्यांना एरवी वरचं लागत नाही म्हणून फक्त टाळ्या वाजवत बसायच्या, अशा तिघी-चौघी त्या दिवशी मोठ्याने गायल्या. मला कल्पनाच नव्हती की त्या गातात. म्हणजे एवढे दिवस माझ्यासारख्या इतरही ओठ हलवत होत्या.

शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगलांच्या दोन काळांतल्या ध्वनिमुद्रिका मी माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला ऐकवते. १९३० च्या दशकात ‘गांधारी हुबळी’ या नावाने निघालेल्या तबकड्यांत एक बारीक, चपळ, उंच आवाज आहे. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज उतरला, इतका की न सांगता ऐकवलं तर पुरुष गातो आहे असं अनेकांना वाटतं. गोड आवाजाच्या बाजारात ही गोष्ट संपली असती. गंगूबाईंनी तो उतरलेला आवाज घेऊन किराणा घराण्याची संथ बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, केली, खर्जात अशा जागा उभ्या केल्या ज्या आधीच्या आवाजात शक्यच नव्हत्या, आणि त्या आवाजात नव्वदीच्या घरापर्यंत गायल्या. २००२ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २००९ मध्ये त्या गेल्या. मुली पहिल्यांदा दचकतात. मग एखादी हळूच विचारते, पुन्हा लावाल का?

मी आता संध्याकाळी आमच्या सोसायटीत काही मुलींना शिकवते. पहिल्या दिवशी त्यांना गायला लावत नाही, बोलायला लावते, बाईंसारखं. आया दारात उभ्या असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला, गणपतीत गाईल ना? टीव्हीवरच्या स्पर्धेची ऑडिशन कधी देता येईल? मी त्यांना दोष देत नाही. या शहरात मूल घरात कोंडून वाढतं, त्याला कुठेतरी उभं राहायला मिळावं असं आईला वाटणारच. पण स्पर्धांमध्ये मुलांना पुन्हा तेच करायला लावतात. मोठ्या माणसाचं गाणं, त्याच्या श्वासासकट. आणि सात-आठ वर्षांच्या गळ्याला त्याच्या पट्टीबाहेर रोज ताणलं तर स्वरतंतूंवर सूज येऊ शकते, गाठी होऊ शकतात. हे मी आयांना स्पष्ट सांगते. नक्कल करू नका असं मात्र मी मुलींना म्हणत नाही. नकलेनेच कान तयार होतो, कुमारांचाही झाला. नक्कल कुठे थांबवायची ते कुणीतरी जवळ बसून सांगायला हवं, आणि त्यासाठी मी आहे.

यंदा एक मुलगी आहे, दहा वर्षांची. आवाज खाली, माझ्याहूनही जाड होईल असं दिसतंय. गणपतीत तिला एक अभंग गायचा होता. तालमीला पेटीवर बसलेले काका वर्षानुवर्षं मंडळाला साथ करतात, सगळ्या मुलींना काळी चार देतात. त्यांनी सवयीने काळी चार दिली. ती गप्प उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, “काका, मला पांढरी तीन लागेल.”

काकांनी पेटीचा स्केल चेंजर सरकवला आणि पुन्हा सा दिला.